नखरेबाज पक्ष्याला नवीन खाण्याची सवय कशी लावायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मुख्यतः पोपटवर्गातल्या पाळीव पक्ष्यांसाठी, म्हणजे बजी, कॉकटील, लव्हबर्ड, कोन्युअर आणि मोठे पोपट यांच्यासाठी आहेत. फिंच, कॅनरी, मैना आणि लोरी यांचं गणित वेगळं. त्यांच्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

माझा पक्षी धान्य सोडून कशालाच चोच लावत नाही. हा हट्टीपणा आहे का?

बहुतेक वेळा नाही. समोर ठेवलेला गाजराचा तुकडा ही खायची वस्तू आहे, हेच त्याला ठाऊक नसतं. पोपटवर्गातलं पिल्लू स्वतःचं स्वतः टिपायला लागतं त्या दिवसांत आजूबाजूचे मोठे पक्षी जे खातात, तेच त्याच्या डोक्यात ‘अन्न’ म्हणून बसतं. पिंजऱ्यात वाढलेल्या बजीनं त्या वयात फक्त राळा आणि कॅनरी सीड पाहिलेलं असतं. त्याच्या लेखी ब्रोकोली आणि पिंजऱ्याची कडी सारखीच. शिवाय रानात अनोळखी फळ-बी बिनधास्त खाणारा पक्षी फार दिवस टिकत नाही, त्यामुळे नव्या वस्तूपासून दोन हात लांब राहणं त्याच्या रक्तातच आहे.

चवीचा नंबर बराच नंतर लागतो. माणसाच्या तोंडात चव ओळखणाऱ्या हजारो कळ्या असतात, पोपटाच्या तोंडात काहीशेच. तो आधी डोळ्यांनी पारखतो, मग चोचीत धरून जिभेनं चाचपतो. म्हणून ‘त्याला गाजर आवडत नाही’ हे वाक्य त्यानं गाजर आठ-दहा वेळा गिळल्यानंतरच बोलायचं. दोन दिवस ठेवलं आणि त्यानं ढुंकून पाहिलं नाही, यावरून काहीही सिद्ध होत नाही.

नुसत्या धान्यावर तो छान ठणठणीत दिसतो. मग हा खटाटोप कशाला?

कारण पक्षी आजार लपवतात आणि आहारातल्या उणिवा त्यांना आतून सावकाश पोखरतात. धान्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, कॅल्शियम फार कमी असतं. सूर्यफुलाच्या सोललेल्या बियांत वजनाच्या सुमारे निम्मी चरबी असते. अ जीवनसत्त्व कमी पडलं की नाक, तोंड आणि श्वासमार्गाच्या आतलं अस्तर जाड, कोरडं होतं आणि जंतूंना वाट मोकळी होते. नाकपुड्या वारंवार बंद होणं, शिंका, डोळ्यांभोवती सूज ही त्याची दिसणारी बाजू. आयोडीन कमी पडलेल्या बजीला गलगंड होतो आणि श्वास घेताना बारीक किचकिच आवाज येतो. आफ्रिकन ग्रे पोपटाला कॅल्शियमच्या कमतरतेनं झटके येऊ शकतात. चरबीनं भरलेल्या यकृताची खूण म्हणजे भराभर वाढणारी, थराथरानं सोलली जाणारी चोच.

‘पण आमच्या मिश्रणात दहा प्रकारची धान्यं आहेत,’ असं बरेच जण सांगतात. वाटीत दहा असतात, पोटात दोनच जातात; बाकीची तळाशी राहतात आणि रात्री आपणच ती टाकून देतो. जीवनसत्त्वांचा लेप दिलेल्या धान्याचंही तसंच. लेप असतो टरफलावर, आणि पक्षी टरफल सोलून फेकतो.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं?

एक वजनकाटा. बाकी सगळं घरात सापडतं, पण काट्याशिवाय आहार बदलायला घेऊ नका.

१०० ग्रॅमच्या आतल्या पक्ष्यासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या; मोठ्या पोपटाला १ ग्रॅमचा चालतो. काट्यावर छोटी दांडी किंवा उथळ डबा ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि पक्ष्याला त्यावर चढवायचं. सकाळची पहिली मोठी शिट टाकून झाल्यावर आणि खाण्याआधी, रोज त्याच वेळी वजन घ्या. आधीचाच आहार चालू ठेवून सात दिवस वजन लिहून काढा. ही सरासरी म्हणजे तुमची मूळ रेषा.

३५ ग्रॅमच्या बजीचं १ ग्रॅम म्हणजे जवळपास ३ टक्के. एवढा चढउतार चालतो. ५ टक्के उतरला तर पुढचं पाऊल थांबवा आणि धान्य थोडं वाढवा. १० टक्के, म्हणजे या बजीच्या बाबतीत साडेतीन ग्रॅम, उतरला तर जुना आहार लगेच पूर्ववत करा आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा. डोळ्यांनी हा फरक कळत नाही. फुगलेल्या पिसांखाली छातीचं हाड धारदार झालेलं असतं आणि वरून पक्षी गुबगुबीत दिसतो.

दुसरी नोंद खाण्याची. सकाळी धान्याची वाटी तोलून ठेवा, संध्याकाळी फोलपटं फुंकून उडवा आणि उरलेलं पुन्हा तोला. चार-पाच दिवसांत तुमच्या पक्ष्याची रोजची खरी गरज समजते. सामान्य आकाराच्या बजीला दीड ते दोन चहाचे चमचे धान्य पुरतं. बहुतेक घरांत वाटी काठोकाठ भरलेली असते आणि म्हणूनच नव्या पदार्थाकडे बघण्याची त्याला गरजच पडत नाही.

आणि शक्य असेल तर आधी एकदा तपासणी. यकृत आधीच बिघडलेला लठ्ठ पक्षी आहारातला बदल सहन करू शकत नाही.

भूक लागली की झक मारून खाईल. एक-दोन दिवस धान्य बंद केलं तर?

नका करू. कुत्र्याला हे एक वेळ खपेल, पक्ष्याला नाही. लहान पक्ष्याच्या शरीरात साठा फार थोडा आणि खर्च प्रचंड. बजीएवढा पक्षी २४ ते ४८ तासांच्या उपासात दगावू शकतो. पेलेटचा (पक्ष्यांच्या तयार खाण्याच्या गोळ्यांचा) डोंगर समोर असूनही दगावू शकतो, कारण त्याच्या दृष्टीनं समोर अन्न नसतंच.

नकळत होणारा उपास याहून धोक्याचा. धान्याच्या वाटीवर फोलपटांचा थर साचतो आणि लांबून वाटी भरलेली दिसते. रोज फुंकर मारा, किंवा धान्य उथळ ताटलीत पाखडून बघा.

शिटेवर लक्ष ठेवा. तळाशी पांढरा कागद घाला आणि रोज त्याच वेळी बदला. बजी दिवसाला साधारण २५ ते ५० वेळा शिटतो. संख्या निम्म्यावर आली, किंवा शिट बारीक, गडद हिरवी आणि चिकट झाली, तर पोटात पुरेसं जात नाही असं समजा, मग वाटीत तो कितीही उकरत असला तरी.

चोच उघडून घास कोंबणं, सिरिंजनं भरवणं हेही नको. अन्न श्वासनलिकेत गेलं तर पक्षी तिथंच गुदमरतो, आणि तुमच्या हातावरचा त्याचा विश्वास उडतो तो वेगळाच.

कोणत्या काळात सुरुवात करू नये?

पक्षी घरी येऊन दोन आठवडे झाले नसतील तर. तोवर तो आधी जे खात होता तेच द्या. पिसं गळत असताना, अंडी-पिल्लांच्या काळात, आजारातून उठताना, जोडीदार गेल्यावर किंवा पिंजरा बदलल्यावरही नको. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

दिवसाचं वेळापत्रक कसं असावं?

रानातले पोपट उजाडल्यावर आणि दिवस कलताना असं दोनदा पोटभर खातात. दुपारी ते झाडात बसून असतात. याच लयीचा फायदा घ्यायचा.

संध्याकाळी नेहमीची धान्याची वाटी द्या आणि दिवे मालवल्यावर काढून घ्या. सकाळी वजन झालं की आधी नवीन पदार्थ ठेवा, एक ते दीड तास. मग धान्य: रोजच्या मोजलेल्या मापाच्या सुमारे निम्मं. उरलेलं निम्मं संध्याकाळी. सकाळच्या त्या तासाभरात पक्षी भुकेला असतो, पण उपाशी नसतो. सुरुवातीला त्यानं नव्या पदार्थाला हातही लावला नाही तरी धान्य वेळेवर आलंच पाहिजे. नाहीतर तुम्ही त्याला ओळख करून देत नाही, शिक्षा देताय.

लव्हबर्ड किंवा बजी फार हडकुळा असेल तर सकाळचा वेळ अर्ध्या तासावर आणा.

पहिला पदार्थ कोणता निवडावा?

ज्या पक्ष्यानं जन्मभर फक्त धान्य पाहिलं, त्याच्यासाठी आमची पहिली पसंती मोड आलेल्या धान्यालाच. कारण सोपं आहे: ते त्याच्या ओळखीचं बीच असतं, फक्त ओलं आणि मऊ. त्यातून ‘ओलं म्हणजे खाता येतं’ हा धडा मिळतो आणि पुढच्या भाज्यांचं अर्धं काम होतं.

त्याच्याच मिश्रणातलं दोन चमचे धान्य घ्या. पेरणीसाठीचं बी घेऊ नका, त्यावर बुरशीनाशक लावलेलं असतं. स्वच्छ धुऊन ८ ते १० तास भिजत ठेवा. पाणी काढून गाळणीत उपसून ठेवा, वर ओलं फडकं. दिवसातून तीनदा वाहत्या पाण्यात खळखळून धुवा. २४ ते ३६ तासांत पांढरं टोक डोकावतं. ते २–३ मिलिमीटरचं झालं की द्यायला तयार. देताना पुन्हा धुवा आणि निथळून घ्या. फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतात. वास मातीसारखा, ताजा यायला हवा. आंबट वास, बुळबुळीतपणा किंवा केसासारखी बुरशी दिसली तर सगळं टाकून द्या, धुऊन ‘वाचवण्याचा’ प्रयत्न नको. निम्मे दाणे मोडच धरत नसतील तर धान्य जुनं आहे हेही त्यातून कळतं.

त्यानंतर भाज्या. अ जीवनसत्त्वाच्या दृष्टीनं गाजर, रताळं, लाल भोपळा, लाल ढोबळी मिरची आणि गडद हिरवा पाला हे सगळ्यात उपयोगी. काकडी आणि फिकट लेट्यूस पक्षी पटकन खातात, पण त्यात पाण्याशिवाय फारसं काही नसतं. ओळख करून देण्यापुरते ठीक. पालक अधूनमधून द्या, रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं. तिखट मिरचीही चालते. मिरचीचा झोंबरेपणा पक्ष्यांना जाणवत नाही.

भाजी नेमकी कशी कापायची आणि कशी ठेवायची?

इथेच बहुतेक जण अडकतात. मोठा तुकडा वाटीत टाकतात, तो तसाच सुकतो, आणि ‘खात नाही’ अशी नोंद होते. एकच गाजर पाच रूपांत देता येतं आणि पक्ष्याच्या नजरेला ते पाच वेगवेगळे पदार्थ असतात.

किसून: बारीक किसणीवर किसून एक चमचा कीस घ्या, मुठीत दाबून जास्तीचं पाणी काढा आणि त्यात अर्धा चमचा धान्य कालवा. दाणे किसाला चिकटायला हवेत. दाणा उचलताना किसाची एखादी तार चोचीत येतेच, आणि जिभेला लागते. कीस फार ओला राहिला तर धान्य भिजून गोळा होतो आणि पक्षी वाटीच सोडतो.

चकती: अर्धा सेंटिमीटर जाड चकती कापा, सुरीच्या टोकानं तिला उभ्या-आडव्या खाचा पाडा आणि खाचांत राळ्याचे दाणे अंगठ्यानं दाबून बसवा. दाणे उपटून काढताना तो गाजरही खरवडतो. पहिल्या दिवशी दाणे जाऊन चकती कोरडी राहील. चौथ्या-पाचव्या दिवशी खाचांच्या कडा कुरतडलेल्या दिसतील.

वाफवून: रताळं आणि भोपळा मऊ वाफवून कोमट द्या. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, जेमतेम ऊब जाणवायला हवी. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं तर नीट ढवळा. वरून कोमट आणि मध्ये चटका देणारा गोळा राहतो, त्यानं गळ्याखालची अन्नाची पिशवी भाजते. कोमट, मऊ अन्न कॉकटील आणि लव्हबर्ड यांना रोज मिळालं तर ते प्रजननाच्या मूडमध्ये येतात: खाल्लेलं ओकून भरवणं, कोपरे धुंडाळणं. असं दिसलं तर थंड आणि कच्चं द्यायला लागा.

लांब कापट्या: कोन्युअर आणि मोठ्या पोपटांना पायात धरता येईल असा तुकडा लागतो. पाच-सहा सेंटिमीटर लांबीचा.

पाला: हे बजीचं खास. पानं धुऊन पाणी टपकत असतानाच पिंजऱ्याच्या सर्वांत वरच्या दांडीशेजारी कपड्याच्या चिमट्यानं लावा. बरेच बजी आधी त्या ओल्या पानांत अंग घासून आंघोळ करतात, आणि आंघोळ करता करता कडा कुरतडायला लागतात.

जागेचाही विचार करा. बजी आणि कॉकटील रानात जमिनीवर चरणारे पक्षी आहेत. वाटीपेक्षा पसरट ताटलीत, तळाशी विखरून ठेवलेलं त्यांना जास्त पटतं. ताटली मात्र दांडीच्या बरोबर खाली नको, शिटेनं भरेल. आणि कापलेलं ओलं अन्न दोन तासांत उचला, उकाडा असेल तर तासाभरात.

नवीन पदार्थ ठेवला की तो पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पळतो.

मग पदार्थ पिंजऱ्यात ठेवूच नका. पिंजऱ्याबाहेर, एक मीटरवर, त्याला दिसेल असा ठेवा. पिसं आवळून, मान ताठ करून बघत असेल तर अजून लांब न्या. तो निवांत बसून पिसं साफ करू लागला की रोज चार-सहा बोटं जवळ आणा. बाहेरून पिंजऱ्याला टेकला तरी तो शांत, मग आत.

कधी भीती पदार्थाची नसतेच, नव्या वाटीची असते. पदार्थ नवा असेल तर वाटी जुनी ठेवा.

तो तुकडा उचलतो आणि खाली फेकतो. अजिबात खात नाही.

ही चांगली बातमी आहे. बघणं, जवळ जाणं, चोचीनं ढकलणं, उचलून फेकणं, चावून थुंकणं, आणि मग गिळणं, असा हा जिना आहे. फेकणारा पक्षी चौथ्या पायरीवर आलाय. तुकडे थोडे मोठे करा म्हणजे फेकण्याआधी दोनदा चावावं लागेल. फेकल्यावर हसू नका, ओरडू नका, लगेच उचलून परतही देऊ नका. नाहीतर तो ‘मी टाकतो, तू उचल’ हा खेळ शिकतो, आणि त्यात तोच जिंकतो.

खाल्लं की नाही हे वाटीवरून ठरवू नका. चोचीच्या कडेला लागलेला रंग, तुकड्यावरच्या अर्धगोल खुणा आणि शिटेचा बदललेला रंग बघा.

आम्ही त्याच्यासमोर खाल्लं तर उपयोग होतो का?

माणसाळलेल्या पक्ष्यावर सर्वांत जास्त चालणारा उपाय हाच. पिंजऱ्यासमोर बसा, ढोबळी मिरचीची कापटी कुरकुर आवाज करत खा, त्याच्याकडे बघू नका, आणि लगेच देऊही नका. दोन-तीन दिवसांनी तो कडीशी येऊन मान पुढे करेल. तेव्हा तुमच्या ताटलीतली वेगळी ठेवलेली, न उष्टावलेली कापटी द्या. उष्टं नको. माणसाच्या लाळेतले जंतू पक्ष्याला बाधू शकतात.

एकटा बजी असेल तर आरशाची युक्ती करून पाहा: पिंजऱ्याच्या तळाशी छोटा आरसा आडवा ठेवून त्यावर पदार्थ पसरा. खाली ‘दुसरा’ पक्षी टिपताना दिसतो आणि हा टिपू लागतो. दहा-पंधरा मिनिटांनी आरसा काढून घ्या, नाहीतर तो त्या आरशाच्याच प्रेमात पडतो.

पेलेटवर कसं आणायचं?

पेलेट म्हणजे धान्य, भाज्या, जीवनसत्त्वं दळून एकजीव केलेल्या गोळ्या. फायदा एकच, पण मोठा: निवडून खाता येत नाही. तोटाही तिथंच: त्या बीसारख्या दिसत नाहीत, सोलाव्या लागत नाहीत, त्यामुळे धान्यावर वाढलेल्या पक्ष्याला त्या खडे वाटतात.

आकार आधी ठरवा. बजीला एक-दोन मिलिमीटरचा चुरा, कॉकटीलला सुमारे तीन मिलिमीटर. मोठी गोळी छोट्या पक्ष्याला दिली की तो तिचा भुगा करतो आणि भुगा तळाशी साचतो. वाटी रिकामी होते, पक्षी मात्र उतरतो.

पहिला आठवडा: पेलेट खलबत्त्यात कुटून पीठ करा. धान्यावर पाण्याचे चार-पाच थेंब शिंपडून ते हलकं दमट करा आणि चिमूटभर पीठ त्यावर घोळवा. दाणा सोलताना पीठ जिभेला लागतं. दमट धान्य दोन तासांत काढायचं, त्यामुळे हे सकाळच्याच वेळी.

दुसऱ्या आठवड्यापासून वजनानं एक भाग पेलेट, तीन भाग धान्य. मग निम्मंनिम्मं, मग तीन भाग पेलेट. पुढची पायरी आठवडा संपला म्हणून चढायची नाही; वजन स्थिर आहे आणि शिट फुगीर, पेलेटच्या रंगाकडे झुकलेली दिसते, तेव्हाच चढायची. एखाद्या पायरीवर तीन आठवडे गेले तर जाऊ द्या. चार ते आठ आठवडे हा साधारण काळ, पण म्हाताऱ्या कॉकटीलला सहा महिनेही लागतात.

सगळाच आहार पेलेटचा करायच्या मागे लागू नका. बजी आणि कॉकटील यांच्यासाठी निम्म्याच्या आसपास पेलेट, पाव हिस्सा भाज्या-पाला आणि उरलेलं धान्य हे आम्हाला व्यवहार्य वाटतं. मोठ्या पोपटांत धान्याचा वाटा याहून कमी.

सूर्यफूल पूर्ण बंद करावं का?

वाटीतून हो, घरातून नाही. एक बी म्हणजे तुमचं चलन आहे. नव्या पदार्थाला चोच लावली की लगेच एक बी हातातून द्या. ‘शाब्बास’ म्हणून पाच मिनिटांनी दिलेलं बी कशासाठी होतं ते त्याला कळत नाही. वाटीत फुकट मिळत असेल तर हे चलन चालत नाही. बजीसाठी राळ्याच्या कणसाचा दोन सेंटिमीटरचा तुकडा हेच काम करतो.

भाज्या सुरू केल्यावर शिट पातळ झाली. जुलाब आहेत का?

नीट बघा. शिटेचे तीन भाग असतात: हिरवट-तपकिरी घट्ट विष्ठा, पांढरा युरेट (लघवीतला घट्ट भाग) आणि पारदर्शक लघवी. पाणीदार भाजी खाल्ल्यावर लघवी वाढते, कागदावर ओलं वर्तुळ पडतं, पण विष्ठेची नळी घट्टच राहते. ते ठीक आहे. विष्ठेचाच चिखल झाला, वास येऊ लागला, किंवा सोललेले दाणे न पचता बाहेर पडले, तर डॉक्टर.

शिट बीटानं लाल होते, बेरींनी जांभळी, गाजरानं नारिंगी. दुसऱ्या दिवशी तो पदार्थ न देता रंग गेला की काळजी मिटली. पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी होणं मात्र यकृताची तक्रार असू शकते.

फळं आवडीनं खातो, भाजीला शिवत नाही.

फळ म्हणजे साखर आणि पाणी. दिवसाच्या आहारात दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवा. भाजीची सवय लागेपर्यंत फळाचा वापर आमिष म्हणून करा: सफरचंदाच्या किसात गाजराचा कीस, आधी एकास एक, मग हळूहळू गाजर वाढवत. सकाळी आधी भाजी, फळ दुपारनंतर.

काय कधीच देऊ नये?

अव्होकॅडो, कोणत्याही रूपात: त्यातलं पर्सिन पक्ष्याचं हृदय बंद पाडू शकतं. चॉकलेट, चहा, कॉफी, दारू. कांदा, लसूण. खारवलेलं, तळलेलं. कच्च्या सुक्या शेंगवर्गीय बिया, विशेषतः राजमा. भरपूर पाण्यात पूर्ण शिजलेला चालतो. सफरचंदाच्या बिया, चेरी-पीच यांच्या कोया. शेंगदाणा जुनाट, खवट किंवा डागाळलेला असेल तर अजिबात नको, त्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन यकृत पोखरतं. दूध पक्ष्यांना पचत नाही.

आणि एक गोष्ट खाण्याची नाही, पण याच कामात घडते: पक्ष्यासाठी काही शिजवताना नॉनस्टिक भांडं रिकामं तापत ठेवू नका. त्याच्या वाफेनं शेजारच्या खोलीतला पक्षीही काही मिनिटांत मरू शकतो.

पाण्यात जीवनसत्त्वांचे थेंब टाकले तर भाज्यांची कटकट वाचेल?

वाचत नाही. थेंब उजेडात आणि पाण्यात लवकर निकामी होतात, पाण्यात जंतू वाढतात, आणि रंग-वास बदलला म्हणून पक्षी पाणीच कमी पितो. पेलेट खाणाऱ्याला वरून थेंब दिले तर ड जीवनसत्त्व जास्त होऊन मूत्रपिंडावर ताण येतो. डॉक्टरांनी सांगितले तरच.

महिनाभर ब्रोकोली खात होता, आता अचानक बंद.

कंटाळाही असू शकतो. आठवडाभर दुसरं द्या आणि ब्रोकोली वेगळ्या आकारात परत आणा. कागदाच्या पुडीत गुंडाळून, स्टीलच्या सळईत ओवून, म्हणजे खाणं पुन्हा शोधायचं काम होतं. पण धान्यही कमी झालं असेल, तर हा नखरा समजू नका.

दोन पक्षी एकाच पिंजऱ्यात आहेत. कसं करायचं?

एक खात असेल तर तोच दुसऱ्याचा मास्तर. फक्त वाट्या दोन ठेवा, नाहीतर दांडगा पक्षी दुसऱ्याला वाटीजवळ येऊ देत नाही. वजन दोघांचं वेगवेगळं लिहा.

फिंच, कॅनरी, मैना, लोरी?

फिंच आणि कॅनरी इतके लहान की धान्य कमी करण्याचा प्रयोग त्यांच्यावर करूच नये. धान्य चोवीस तास ठेवून शेजारी वेगळ्या ताटलीत बारीक चिरलेला पाला, मोड आलेलं धान्य आणि १० मिनिटं उकडून कुस्करलेलं अंडं द्या. अंड्यात पाल्याची बारीक पूड मिसळली तर ती आपोआप पोटात जाते. अंडं तासाभरात उचला.

मैनेच्या यकृतात लोह साठतं. तिला कमी लोहाचं पेलेट आणि फळं हवीत. आंबट फळं टाळा, कारण त्यानं लोह जास्त शोषलं जातं. लोरी फुलांतला मकरंद आणि परागकण यांवर जगणारा पक्षी आहे; त्याला धान्य किंवा कोरडं पेलेट यांवर आणायला जाऊ नका.

डॉक्टरकडे ताबडतोब कधी जायचं?

वजन १० टक्के उतरलं. पक्षी फुगून तळाशी बसला. बसल्या जागी शेपटी श्वासाबरोबर वर-खाली होऊ लागली. ओकारीनं डोक्याची पिसं चिकट झाली. किंवा आवडतं राळ्याचं कणीसही नाकारलं. यांतलं एकही दिसलं तर नवीन पदार्थ बाजूला ठेवा, जुनं धान्य समोर ठेवा, पक्ष्याला उबेत ठेवा आणि निघा. वजनांची वही आणि तळाचा ताजा कागद बरोबर घ्या.